कानाने प्रूफ तपासताना: मजकूर वाचून दाखवणाऱ्या आवाजाचं परीक्षण

'असं साहस कुणी करू नये.'
'असं सहसा कुणी करू नये.'

दोन्ही वाक्यं व्याकरणाला धरून आहेत, दोन्हींना अर्थ आहे, आणि दोन्हींत अक्षरं नि मात्रा अगदी त्याच आहेत. जागचा हलला आहे तो एक काना. पहिल्या वाक्यात सक्त मनाई आहे, दुसऱ्यात 'अगदीच वेळ आली तर बघू' एवढी फट आहे. नियमावलीत, औषधाबरोबरच्या सूचनापत्रात किंवा करारात अशी फट पडली तर ती कुणाला तरी भोवते.

मी प्रुफं तपासते. पुस्तकं, अहवाल, स्मरणिका, अधूनमधून नियमावल्या. चुका अनेक जातींच्या असतात, पण मला सगळ्यांत जास्त धास्ती वाटते ती या जातीची: अक्षरांनी जागा बदलल्या आणि तयार झालेला शब्दही अस्सल मराठी निघाला. 'समाज'चं 'समजा', 'रजा'चं 'जरा', 'वारस'चं 'सवार', 'कविता'चं 'विकता'. इंग्रजीत मुद्दाम खेळ म्हणून केलं की याला ॲनाग्राम म्हणतात. छापखान्यात ते कुणी मुद्दाम करत नाही, आपोआप होतं. या चुका पकडायला मी जे साधन नेमाने वापरते, त्याबद्दल हे लिहिते आहे: फोनमध्ये, संगणकावर किंवा ब्राउझरमध्ये मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारा यांत्रिक आवाज. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या आवाजाचं नाही. मी वेगवेगळे मराठी आवाज वापरून पाहिले, त्यांच्या गोडव्यात फरक आहे, पण प्रुफाच्या कामापुरते गुणदोष थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखेच दिसले.

आधी हे सांगायला हवं की मुळात या साधनाकडे का वळावं लागतं. शुद्धलेखन तपासणारी सोय आपल्याकडे असतेच, चुकीच्या शब्दाखाली तांबडी रेघ येते, मग अजून काय हवं? पण ती सोय काम कशी करते ते पाहा. तिच्याजवळ शब्दांची एक मोठी यादी असते आणि प्रत्ययांचे नियम असतात. तुम्ही लिहिलेला शब्द यादीत किंवा नियमांत बसला की ती पुढे जाते. 'समजा' यादीत आहेच. वाक्यात तो तिथे काय करतो आहे, हे साध्या तपासनीसाला विचारताच येत नाही. म्हणजे ज्या चुकीने शब्द मोडतो ती तांबडी होते, आणि ज्या चुकीने अर्थ मोडतो ती स्वच्छ, पांढरी, बिनरेघेची राहते.

ही चूक दुर्मीळही नाही. फ्रेडरिक डॅमेरॉ यांनी 1964 साली संगणकाने चुका पकडण्यावर एक निबंध प्रसिद्ध केला. टंकनातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त चुका चारांपैकी एका प्रकारच्या असतात, असं त्यांना आढळलं: एक अक्षर जास्त पडणं, एक गळणं, एकाच्या जागी दुसरं येणं, किंवा शेजारच्या दोन अक्षरांनी आपसात जागा बदलणं. आजचे तपासनीस पर्यायी शब्द सुचवताना अजूनही याच चार प्रकारांचा आधार घेतात. शेवटचा प्रकार मराठीत जास्तच बोचतो, कारण आपल्या मात्रा स्वतंत्र कळांवर असतात. भारतीय लिप्यांसाठीच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. वेगात लिहिणाऱ्याचे दोन हात एकमेकांशी शर्यत लावतात. डाव्या हाताचा काना पडायच्या आत उजव्या हाताचा 'ज' पडला, की 'समाज'चा 'समजा' झालाच. 'ह', 'व' आणि एक काना एवढं भांडवल घ्या: हवा, हाव, वहा, वाह. चारही शब्द रोजच्या वापरातले, आणि चौघांच्या मध्ये एखाददुसऱ्या कळेचं अंतर. इतक्या दाट वस्तीत चुकून दुसऱ्याच्या घरात शिरणं फार सोपं आहे.

मग डोळा? सराईत वाचकाची नजर ओळीवरून सलग सरकत नाही, ती उड्या मारत जाते, आणि मधल्या जागा मेंदू अपेक्षेने भरून काढतो. ग्रॅहम रॉलिन्सन यांनी 1976 साली नॉटिंगहॅम विद्यापीठात शब्दांतल्या अक्षरांच्या जागांवर पीएचडीचा प्रबंध लिहिला. मधली अक्षरं विस्कटली तरी माणूस वाचू शकतो, हा त्याचा एक धागा. 2003 साली ईमेलमधून जगभर फिरलेला तो विस्कटलेल्या अक्षरांचा इंग्रजी परिच्छेद अनेकांना आठवत असेल. त्यात संशोधन केंब्रिजचं म्हटलं होतं, ते तिथलं नव्हतं, आणि परिच्छेद मुद्दाम सोपा रचलेला होता. पण मूळ निरीक्षणात तथ्य आहे. लोक तो परिच्छेद कौतुकाने एकमेकांना पाठवत होते, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. वाचकाचं जे सामर्थ्य, तेच प्रूफ तपासणाऱ्याचं दुखणं. पानावर 'कलम' हवं तिथे 'कमल' असलं, तरी आजूबाजूला 'पोटकलम', 'तरतूद', 'उल्लंघन' असे शब्द असले की डोळा 'कलम'च वाचतो आणि समाधानाने पुढे जातो.

यंत्राचा आवाज मात्र जे आहे तेच म्हणतो. त्याला तुमच्याकडून काही अपेक्षा नसते. 'कमल 12, पोटकलम 3' असं तो तितक्याच गंभीरपणे वाचतो आणि तुमचा कान टवकारतो. या एका गुणावर मी या साधनाला भरभरून गुण देते.

एक प्रसंग सविस्तर सांगते. एका संस्थेचा वार्षिक अहवाल माझ्याकडे आला होता. पान माझ्या हातात आलं तोवर संस्थेतल्या दोघांनी ते पाहून 'छापायला हरकत नाही' अशी सही केलेली होती. सभेच्या वृत्तान्ताचं पान होतं: वर ठळक टाइपात एक ओळ, खाली दोन रकान्यांत नावांची लांबलचक यादी. मी कानात इअरफोन घातले, आवाजाचा वेग नेहमीपेक्षा थोडा कमी केला, आणि समोर संस्थेने दिलेली हस्तलिखित प्रत ठेवली. आवाज म्हणाला, 'जहर सभासदांची यादी.' हस्तलिखितात अर्थातच 'हजर' होतं. दोन्ही सह्या करणाऱ्यांनी नावं नक्की तपासली असणार, कारण नाव चुकलं तर माणूस दुखावतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. मथळ्याकडे कुणी वाचायच्या नजरेने पाहतच नाही. तो पानाचा आकार म्हणून दिसतो. मोठा टाइप, कमी शब्द, सगळ्यांत वरची जागा: चूक लपायला याहून चांगला आडोसा नाही. त्याच अहवालात पुढे देणगीदारांच्या अर्जाचा नमुना होता. 'नाव, पत्ता, दूरध्वनी' यातला स्वल्पविराम गळून काना पुढे गेला होता आणि 'नवा पत्ता, दूरध्वनी' झालं होतं. ते वाचताना आवाज 'नाव'पाशी थांबायला हवा होता. तो न थांबता पुढे गेला आणि माझ्या ते लगेच लक्षात आलं.

हस्तलिखित समोर ठेवलं होतं, हा सगळ्यांत महत्त्वाचा तपशील आहे. बरेच जण आवाज लावतात आणि त्याच मजकुरावर नजर ठेवून ऐकतात. त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण डोळा आवाजाच्या पुढे धावतो आणि कानाला काय ऐकायचं ते आधीच सांगून ठेवतो. आवाजाला नवं प्रूफ वाचू द्या आणि डोळे मूळ प्रतीवर ठेवा. जुन्या छापखान्यांत हेच काम दोन माणसं करत. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट, 'स्वल्पविराम', 'पूर्णविराम', 'नवा परिच्छेद' असं उच्चारून. दुसरा गॅलीवर, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या कच्च्या छाप्यावर, पेन्सिल चालवायचा. अक्षरांची अदलाबदल दिसली की एका अक्षराच्या वरून आणि दुसऱ्याच्या खालून जाणारी नागमोडी रेघ काढायची, आणि समासात खूण करायची. खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याला उलटी अक्षरं हाताळायची असत, चिमट्यात आलेला खिळा शेजारच्या जागी बसायला वेळ लागत नसे. म्हणून ती खूण रोजची होती. मी अशा जोडीत बराच काळ काम केलं आहे. माझ्या जोडीदार बाई आता काम करत नाहीत, आणि आजच्या घाईच्या कामात दोन माणसांचा वेळ कुणी देत नाही. त्या बाईंची जागा हा आवाज भरून काढू शकत नाही. त्या 'हे वाक्य मला नीट वाटत नाही' म्हणून थांबत असत; हा थांबत नाही. पण वाचण्याचं अर्धं ओझं तो उचलतो, आणि रात्री अकरा वाजताही तितक्याच एकसारखेपणाने उचलतो.

आकड्यांच्या बाबतीत तर मी त्याच्यावर डोळ्यांपेक्षा जास्त विसंबते. आकड्यांची अदलाबदल म्हणजेही ॲनाग्रामच: 1947 आणि 1974. कागदावर ही दोन सालं जुळ्या भावांसारखी दिसतात. कानाला 'सत्तेचाळीस' आणि 'चौऱ्याहत्तर' यांत घोटाळा होणं शक्यच नाही. मराठीत हे विशेष कामाचं आहे, कारण आपण सत्तेचाळीस म्हणताना सात आधी म्हणतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. ऐकून लिहिणाऱ्याच्या हातून 47 चे 74 होतात ते याच वळणावर. हिशेबनिसांकडे यावर एक जुनी हुकमी परीक्षा असते: ताळा जुळत नसेल आणि फरकाला 9 ने भाग जात असेल, तर कुठेतरी दोन आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संशय घ्यावा. 74 वजा 47 म्हणजे 27, आणि 27 म्हणजे नऊ त्रिक. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी आयएसबीएन क्रमांकाची रचनाच अशी होती, की दोन अंकांची अदलाबदल झाली तर आधीच्या अंकांवरून हिशेबाने काढलेला शेवटचा तपासणी-अंक जुळेनासा व्हायचा. शब्दांना असा तपासणी-अंक नाही. 'मदन' आणि 'दमन' यांची बेरीज सारखीच येते, आणि चूक झाली हे सांगायला शब्दात दुसरं काही नसतं.

थोडं आडवळण घेते, कारण ही गोष्ट मला फार आवडते. 1610 साली गॅलिलिओने शनीबद्दलचं आपलं निरीक्षण उघड सांगण्याऐवजी अक्षरं विस्कटून कळवलं. शोधाचा मान आपला राहावा आणि तपशीलही फुटू नये म्हणून. मूळ लॅटिन वाक्याचा अर्थ होता, सर्वांत उंचावरचा ग्रह मला तिहेरी दिसला. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने ती अक्षरं जुळवायला घेतली आणि त्यातून त्याला वेगळंच वाक्य मिळालं: मंगळाला दोन जुळे सोबती आहेत. त्याने चुकीचं वाचलं होतं. पुढे 1877 साली असॅफ हॉल यांना मंगळाचे दोन चंद्र खरोखरच सापडले. पण केप्लरच्या वाट्याला आला तसा योगायोग कुठल्या अहवालाच्या वाट्याला येईल, या भरवशावर कुणी राहू नये. अक्षरं तीच असूनही दुसरा अर्थ तितक्याच ठामपणे उभा राहतो, आणि तो चुकीचा आहे हे अक्षरांकडे बघून कळत नाही, हे मात्र त्या गोष्टीतून स्पष्ट दिसतं.

आता दोष, आणि ते हलके नाहीत.

ऱ्हस्व-दीर्घ या आवाजाला जवळजवळ सांगता येत नाही. 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत', 'शिर' आणि 'शीर' या जोड्या बोलताना आपणही फारशा वेगळ्या उच्चारत नाही, मग यंत्राने काय करावं? 'श' आणि 'ष' यांचंही तेच. म्हणून शुद्धलेखनाच्या नियमांची तपासणी कानावर सोपवता येत नाही. त्यासाठी नियमांचं पुस्तक आणि डोळेच हवेत. कान फक्त शब्द बदलला की ओरडतो. हे ध्यानात ठेवून वापरलं तर गैरसमज होत नाही, पण 'आवाजाने तपासून झालं' म्हणून काम हातावेगळं करणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्या पानांवरच्या वेलांट्या पाहवत नाहीत.

दुसरा दोष उच्चारांचा. 'जग' म्हणजे दुनिया की 'जगणे'मधलं 'जग', हे त्याला संदर्भावरून नेहमी कळत नाही. आडनावं तो कधी अशी उच्चारतो की आपण दचकून थांबतो, पाहतो तर कागदावर सगळं ठीक. अशा खोट्या धोक्याच्या घंटा फार वाजल्या की खऱ्या घंटेकडेही दुर्लक्ष होऊ लागतं. माझा उपाय असा: नावांची यादी शेवटी, स्वतंत्रपणे, सावकाश ऐकायची, आणि प्रत्येक नाव मूळ यादीवर बोट ठेवून जुळवायचं. 'रमण' या नावातली दोन अक्षरं इकडची तिकडे झाली तर काय छापलं जाईल ते मी इथे लिहीत नाही. ज्या घरी ती पत्रिका जाईल तिथे त्याची भरपाई कशानेच होत नाही.

तिसरा दोष तांत्रिक आहे आणि तो अनेकांना काम अंगावर आल्यावरच समजतो. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक संकेत देणारी पद्धत; त्याआधीच्या जुन्या फाँटमध्ये जुळवलेला मजकूर हा आवाज वाचूच शकत नाही. पडद्यावर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरांचे संकेत असतात, त्यामुळे कानावर नुसता कालवा येतो. तो मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला तर नवी अदलाबदल सुरू होते. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहिली जायची. युनिकोडमध्ये ती दिसते आधी, पण साठवली जाते नंतर. परिवर्तकाने ती नीट हलवली नाही तर ती चुकीच्या अक्षराला चिकटते किंवा ठिपक्यांच्या वर्तुळावर लोंबकळत राहते. रफारही असाच भटकतो. यातल्या बऱ्याच चुका आवाज अडखळल्यामुळे सापडतात, हे खरं. पण वेलांटी चुकीच्या अक्षरावर जाऊन बसली आणि शब्द उच्चारायला सोपा राहिला, तर तो आवाज अडखळत नाही.

आणि शेवटचा दोष, जो माझ्या मते सगळ्यांत धोक्याचा. मुखपृष्ठावरची अक्षरं, जाहिरातीतला मोठा मथळा, चित्रावर टाकलेली ओळ: ही बहुतेक वेळा चित्रकार फाँटमधून काढून आकारांत बदलून टाकतात. तिथे आवाजाला वाचायला मजकूरच उरत नाही. म्हणजे ज्या अक्षरांना सर्वांत मोठा टाइप, त्यांच्यावर सर्वांत कमी पहारा. माझ्याकडे मुखपृष्ठ आलं की मी त्यावरची प्रत्येक ओळ स्वतः नव्याने एका साध्या कागदावर उतरवते, अक्षर अक्षर मागून पुढे वाचत, आणि मग मूळ प्रतीशी जुळवते. शब्द उलट्या दिशेने वाचला की अर्थ मदतीला येत नाही, आणि अर्थ मदतीला आला नाही की अक्षरं दिसायला लागतात.

वापराबद्दल आणखी दोनच गोष्टी. एकाच बैठकीत फार वेळ ऐकू नका. एकसुरी आवाजाची कानाला सवय होते आणि मग कानही डोळ्यासारखाच माफ करायला लागतो. मी प्रकरण संपलं की आवाज बदलते, बाईचा असेल तर पुरुषाचा लावते. नव्या आवाजाबरोबर लक्ष परत जागं होतं. आणि वेग वाढवून वेळ वाचवायच्या भानगडीत पडू नका. दीडपट वेगाला 'जरा' आणि 'रजा' यांतला फरक ऐकू येतो, पण मूळ प्रतीवरची नजर मागे पडते आणि जोडी तुटते.

हे साधन कुणी घ्यावं? एकट्याने काम करणाऱ्या प्रत्येकाने: अनुवादक, संस्थेचा अहवाल लिहिणारे, नियमावल्या तयार करणारे, स्वतःचं पुस्तक स्वतः छापणारे. ज्यांच्याकडे शेजारी बसून मोठ्याने वाचणारा माणूस आहे, त्यांनी तो माणूस सोडू नये. बनवणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. साहस-सहसा, समाज-समजा, हजर-जहर, वारस-सवार, कलम-कमल अशा जोड्यांची एक यादी या आवाजात घालावी, आणि यातला कुठलाही शब्द आला की त्याने क्षणभर थांबून तो शब्द सुटा, सावकाश म्हणावा. बरोबर की चूक हे त्याने ठरवू नये; नुसतं थांबावं. तोवर ती यादी मी कागदावर लिहून टेबलाजवळ लावली आहे आणि तिच्यात भर घालत असते. आज आहे त्या स्थितीत या साधनाला पाचपैकी चार गुण. एक गुण वेलांट्यांचा कापला.